आत्ता हे विमान कोणाचं?

मुंबईच्या मुख्य धावपट्टीने गर्दीच्या एका तासात ४६ विमानांची ये-जा पेललेली आहे. म्हणजे सरासरी ७८ सेकंदांना एक विमान, उतरणारं किंवा उडणारं. घाटकोपरच्या एखाद्या गच्चीवरून संध्याकाळी पूर्वेकडे पाहिलं तर ही रांग दिसते. एक दिवा जवळजवळ डोक्यावर आलेला, दुसरा ठाण्याच्या खाडीवर, तिसरा त्याच्याही मागे, अजून ठिपक्याएवढा. रांग लावणारा कंट्रोलर अप्रोचच्या, म्हणजे उतरायला येणारी विमानं सांभाळणाऱ्या विभागाच्या, स्क्रीनसमोर बसलेला असतो. कुणाला वेग कमी करायला सांग, कुणाला दहा अंश डावीकडे वळव, हे क्षणाक्षणाला तोच ठरवतो. पण विमान त्याच्या ताब्यात कुठल्या बिंदूवर आणि किती उंचीवर यायचं, त्याने ते धावपट्टी सांभाळणाऱ्या टॉवरकडे कधी सोपवायचं, उतरता उतरता वैमानिकाने बेत बदलून पुन्हा वर झेप घेतली तर त्याने कुठे जायचं, हे त्याच्या पाळीच्या कितीतरी आधी कुणीतरी ठरवलेलं, लिहिलेलं आणि तपासलेलं असतं. अशा प्रोसीजर लिहिणाऱ्यांच्या एका चमूचं काम मी बघते.

लोकांना वाटतं, हे काम म्हणजे आकाशात रेघा आखणं. अर्धं काम तसं आहेही. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं, म्हणजे एका सागरी मैलाला जवळपास ३०० फूट. उडणाऱ्या विमानाने किमान ३.३ टक्के चढ राखावा असं धरून त्याचा मार्ग आखला जातो. उतरण्याच्या वाटेलाही अप्रोचच म्हणतात; तिच्या सुरुवातीच्या टप्प्यात विमानाच्या खाली डोंगर, मनोरा, इमारत काहीही असो, त्याच्या माथ्यापासून ३०० मीटर मोकळी जागा हवी. मधल्या टप्प्यात १५० मीटर. हे नियम जगातल्या बहुतेक देशांत वापरले जातात आणि ते आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ग्रंथांत दिलेले आहेत. आमच्या चमूतला डिझायनर ते तोंडपाठ असल्यासारखे सांगतो, पण दर वेळी पुस्तक उघडून बघतो. त्याची ही सवय मला फार मोलाची वाटते.

मुंबईत ही भूमितीसुद्धा सोपी नाही. दोन धावपट्ट्या, ०९/२७ आणि १४/३२ (हे आकडे त्यांच्या दोन टोकांच्या दिशांचे), एकमेकींना छेदतात. त्यामुळे धावपट्ट्या दोन असल्या तरी एका वेळी खऱ्या अर्थाने एकच वापरता येते. १४/३२ च्या आग्नेयेला ट्रॉम्बेचा डोंगर आणि भाभा अणुसंशोधन केंद्राभोवतीचं निषिद्ध आकाश. पश्चिमेला, २७ वरून उडालेल्या विमानाच्या जवळजवळ नाकासमोर, जुहूचा जुना विमानतळ. तिथून बॉम्बे हायच्या तेलविहिरींकडे माणसं नेणारी हेलिकॉप्टरं उडतात. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये जपान एअरलाइन्सचं एक डीसी-८ सांताक्रूझ समजून या जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि टोक ओलांडून पुढे गेलं. पूर्वेला माथेरानपासून सह्याद्रीची भिंत सुरू होते. आणि मधल्या शहरात दर महिन्याला कुठेतरी नवी क्रेन उभी राहते. कांदिवली, चेंबूर, भांडुप, कुठेही नवा टॉवर उठतो म्हटलं की त्याची उंची आधी विमानतळाच्या हिशोबात बसवावी लागते, कारण एखाद्या वाढीव मजल्यापायी पावसाळी रात्री उतरणाऱ्या विमानाची किमान उंची वर सरकू शकते.

तरीही ही सगळी भूमिती हिशोबाने सुटते. चूक असली तर कुणीतरी आकडा पुन्हा मांडतो आणि ती सापडते. खरी कसोटी उरलेल्या अर्ध्या कामात लागते. ते काम म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या गोष्टीची काळजी कोणी करायची, हे ठरवणं.

चार बायका असलेल्या स्वयंपाकघरात दूध उतू जातं ते असंच. प्रत्येकीला वाटतं, दुसरी बघतेय. आळशी कुणीच नसते आणि निष्काळजीही नसते. आकाशात नेमकं हेच मला सगळ्यात भीतीदायक वाटतं. नियम मोडणाऱ्या माणसाला पकडता येतं. दोन चोख माणसांच्या मधली ‘तो बघतोय’ ही जागा मात्र कुठल्याच नकाशावर दिसत नाही, आणि प्रोसीजर लिहिणाऱ्यांनी शोधायची ती तीच जागा.

याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्याकडचं नाही. १ डिसेंबर १९७४, अमेरिका. टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं ५१४ क्रमांकाचं बोइंग ७२७ वॉशिंग्टन शहराजवळच्या नॅशनल विमानतळावर उतरणार होतं, पण तिथे वारा फार, म्हणून ते डलेस विमानतळाकडे वळवलं गेलं. धावपट्टीपासून ४४ मैलांवर असतानाच कंट्रोलरने त्याला धावपट्टी १२ साठी अप्रोचची परवानगी दिली. वैमानिकांसमोर त्या अप्रोचचा छापील तक्ता होता. त्यावर अप्रोचच्या शेवटच्या भागाची किमान उंची १,८०० फूट छापलेली होती. त्या भागाच्या अलीकडे, डोंगराळ पट्ट्यात, ३,४०० फुटांखाली यायचं नव्हतं, आणि तेही त्याच तक्त्यावर दुसऱ्या कोपऱ्यात होतं. कॉकपिटमध्ये त्यावर चर्चा झाली. कंट्रोलरने परवानगी दिली आहे, उंचीचं कुठलंही बंधन घातलेलं नाही, म्हणजे खालचा मुलूख त्याने पाहिलेला असणार, असा त्यांचा समज झाला. कंट्रोलरचा समज असा की एकदा अप्रोचची परवानगी दिली की तक्त्याप्रमाणे उंची सांभाळणं वैमानिकाचं काम. विमान १,८०० फुटांकडे उतरत गेलं आणि माउंट वेदर नावाच्या डोंगरावर आदळलं. ९२ माणसं होती. कुणीही वाचलं नाही.

चौकशी मंडळाचंसुद्धा एकमत झालं नाही. तीन विरुद्ध दोन. बहुमताने वैमानिकांच्या निर्णयावर बोट ठेवलं, पण जबाबदाऱ्यांबद्दलचा हा गोंधळ वर्षानुवर्षं तसाच राहू दिला गेला हेही नोंदवलं. मला रात्री जागं ठेवणारी गोष्ट पुढची आहे. या अपघाताच्या सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान याच अप्रोचवर, याच गैरसमजातून, त्याच डोंगराच्या माथ्यावरून जेमतेम निसटलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. पण ती गोष्ट त्या कंपनीच्या बाहेर पोहोचेल अशी वाटच तेव्हा नव्हती. १९७६ मध्ये नासाच्या देखरेखीखाली वैमानिकांना आणि कंट्रोलरना नाव उघड न होता आपले निसटते प्रसंग कळवता येतील अशी व्यवस्था तिथे सुरू झाली, ती या धड्यातून. ‘थोडक्यात वाचलं’ हे वाक्य कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकू आलं तरी ते आमच्या टेबलापर्यंत यायला हवं, असं मी माझ्या लोकांना सांगते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते सहा आठवडे असतात.

आपल्याकडे चरखी दादरी आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून चढणारं सौदियाचं ७४७ आणि दिल्लीकडे उतरणारं कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ हरयाणातल्या शेतांवर एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली. उतरणाऱ्याला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, चढणाऱ्याला १४,००० वर. कझाक विमान आपल्या उंचीच्या खाली आलं. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दोष तिथेच ठेवला गेला आणि ते बरोबरच आहे. पण प्रोसीजर लिहिणारी म्हणून मी ती घटना वाचते तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसते. दिल्लीत येणारी आणि जाणारी विमानं तेव्हा एकाच पट्ट्यातून समोरासमोर जात होती. कंट्रोलरच्या रडारवर विमान ठिपक्यासारखं दिसे, पण त्याची उंची दिसत नसे. म्हणजे दोन भरलेल्या विमानांमध्ये एक हजार फूट होते, आणि ते एक हजार फूट खरोखर आहेत की नाहीत हे त्या क्षणी जमिनीवरच्या कुणालाच दिसू शकत नव्हतं. त्या संध्याकाळी कंट्रोलरने करायचं ते केलं होतं. त्याच्या हातात व्यवस्थेने जे दिलं होतं ते पुरेसं नव्हतं. पुढे येण्या-जाण्याचे पट्टे वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं, टक्कर टाळणारं उपकरण विमानांत सक्तीचं झालं. हे तिन्ही उपाय एकाच विचाराचे आहेत. एका माणसाची चूक दुसऱ्या कुणाला तरी दिसली पाहिजे, आणि ती दिसल्यावर काही करायला वेळ उरला पाहिजे.

आमच्या खोलीत येऊ. चमूत टॉवरची माणसं आहेत, अप्रोचची आहेत, दूरवरची विमानं सांभाळणाऱ्या एरियाची आहेत, एक डिझायनर, आणि कागद छापून जगभर पाठवण्याची बाजू सांभाळणारी एक सहकारी. कोणी केरळचा, कोणी ओडिशाचा, कोणी पाटण्याचा. टॉवरवाल्याला धावपट्टी डोळ्यांनी दिसते, एरियावाल्याला दीडशे मैलांवरचं विमानही उद्याच्या प्रश्नासारखं दिसतं. प्रत्येकजण आपल्या खिडकीतून बरोबरच बोलत असतो. पहिल्या काही बैठकांत मला वाटायचं की माझं काम त्यांना एकमतावर आणण्याचं आहे. आता मला वाटतं की एकमत फार लवकर झालं तर मीच थांबवावं. सगळ्यांनी पटकन मान डोलावली तर बहुतेक वेळा प्रत्येकाने त्या वाक्याचा आपापला अर्थ लावलेला असतो.

मिस्ड अप्रोचचं, म्हणजे उतरता उतरता बेत सोडून पुन्हा वर जाण्याचं, उदाहरण सांगते. २७ वर एक विमान उतरायला येतंय, शेवटच्या दोन-तीन मैलांत आहे. धावपट्टीवरून दुसरं विमान उडायला धावतंय. तेवढ्यात उतरणाऱ्याला वाऱ्याचा झटका बसतो आणि तो उतरण्याचा बेत सोडून वर चढतो. आता दोघंही पश्चिमेकडेच निघालेत, एक पुढे आणि खाली, एक मागे, वर आणि अधिक वेगात. खाली जुहू. यांना वेगळं करायला हातात सेकंद असतात. मसुद्यात वाक्य होतं, ‘अशा वेळी दोन्ही विमानांत विहित अंतर राखलं जाईल याची खात्री करण्यात यावी.’ वाचताना त्यात काहीच खटकत नाही. सरकारी कागदांत अशी हजारो वाक्यं आपण वाचतो. बैठकीतही कुणाला खटकलं नाही. मग सिम्युलेटरवर घेतलं. वैमानिक म्हणाला, ‘गोइंग अराउंड’. टॉवरच्या जागेवर बसलेल्याने अप्रोचला फोन लावला, कारण वर चढलेलं विमान शेवटी अप्रोचकडेच जाणार. अप्रोचवाला वाट बघत राहिला, कारण विमान अजून टॉवरच्या फ्रिक्वेन्सीवर होतं. दोन्ही माणसं निष्णात. दोघंही आपापल्या जागी योग्य. आणि स्क्रीनवर दोन ठिपके जवळ येत होते.

व्यायाम थांबवल्यावर आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, “मॅडम, पण खात्री कोणी करायची?”

त्या दिवसापासून आमच्या मसुद्यांत ‘करण्यात यावी’ चालत नाही. प्रत्येक वाक्याला कर्ता हवा. टॉवर कंट्रोलरने करावं. अप्रोच कंट्रोलरने करावं. वैमानिकाने करावं. आणि कर्ता ठरवायला बसलं की खरं भांडण सुरू होतं, कारण जबाबदारी तेव्हा कुणाच्या तरी मांडीवर येऊन बसते. मिस्ड अप्रोचच्या त्या एका वाक्यावर दुपार गेली. शेवटी मसुद्यात ठरलं ते असं: पहिली दिशा टॉवर कंट्रोलरने द्यायची, आणि फोन करण्याच्या आधी द्यायची. फोन नंतर. विमान अप्रोचकडे सोपवेपर्यंत ते टॉवरचंच. टॉवरवाल्यांना हे जड वाटलं आणि त्यांची तक्रार खरी होती, कारण त्या क्षणी त्यांच्यासमोर पुढचं उडणारं विमानही उभं असतं. म्हणून मग पुढच्या उड्डाणांवर तात्पुरती रोख कोण लावेल, तेही लिहावं लागलं. एका वाक्यातून चार वाक्यं झाली. पण चारही वाक्यांत माणूस दिसतो.

प्रमुखाने या सगळ्यात काय करायचं असतं? मला जे कळलंय त्यात सगळ्यात वर हे आहे की बोलण्याची पाळी उलटी लावायची. नव्याने आधी बोलायचं, ज्येष्ठाने शेवटी, आणि मी त्याच्याही नंतर. आपल्याकडे ज्येष्ठाने मत दिलं की खोलीतली हवाच बदलते. त्यात आदर असतो, तो चांगलाच आहे, पण ज्येष्ठाला जे आता अंगवळणी पडल्यामुळे दिसत नाही, ते नव्यालाच दिसतं. दुसरी गोष्ट, मसुदा ज्यांनी लिहिला त्यांना तो सिम्युलेटरवर चालवायला द्यायचा नाही. त्यांना त्यातल्या रिकाम्या जागा दिसणार नाहीत, त्या जागा त्यांच्या डोक्यात आधीच भरलेल्या असतात. आणि तिसरी, जी मला सगळ्यात कठीण जाते: ‘हे तर सगळ्यांना माहीत आहे’ हे वाक्य ऐकू आलं की पेन खाली ठेवून विचारायचं, कोणाला? रात्री तीन वाजता, जोरदार पावसात, बदलून नुकताच आलेला कंट्रोलर आणि इथे पहिल्यांदाच येणारा परदेशी वैमानिक, या दोघांना माहीत आहे का?

नवं लिहिण्याइतकंच जुनं काढणंही आमच्याकडे येतं, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मुंबईच्या धावपट्ट्या एका दिवशी काही तासांपुरत्या देखभालीला बंद होतात. त्यासाठी सूचना निघतात. २०१९ च्या जुलैमध्ये एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे चिखलात रुतलं आणि काही दिवस सगळी वाहतूक १४/३२ वर चालली. अशा वेळीही सूचना निघतात. प्रत्येक सूचना त्या वेळी गरजेचीच असते. पण गरज संपल्यावर ती फाईलमधून आपोआप जात नाही. हळूहळू कंट्रोलरला एकाच प्रश्नाची दोन उत्तरं सापडायला लागतात, आणि दोन उत्तरं म्हणजे पुन्हा तीच मधली जागा. म्हणून आता प्रत्येक तात्पुरत्या सूचनेवर ती कधी मरणार हे लिहिल्याशिवाय मी सही करत नाही.

बदल लागू होण्याचंही एक वेळापत्रक आहे, आणि ते मला आवडतं. जगभर मार्ग, बिंदू, तक्ते यांतले नियोजित बदल दर २८ दिवसांनी, एका ठरलेल्या गुरुवारी लागू होतात. माहिती त्याच्या कितीतरी आधी छापून जावी लागते, म्हणजे प्रत्येक विमान कंपनीच्या संगणकात नवे बिंदू वेळेवर पोहोचतात. टोरांटोहून निघालेलं विमान आणि कोचीहून निघालेलं विमान मुंबईत एकच तक्ता उघडतात, ते या गुरुवारांमुळे. कितीही घाई असो, वरून कितीही विचारणा होवो, तो गुरुवार चुकला की पुढचा धरायचा. घाईत असलेल्या माणसाला हे खटकतं. मला मात्र अशा वेळी त्या २८ दिवसांचा आधार वाटतो. माझ्या तोंडून ‘नाही’ निघण्याआधी कॅलेंडरच ते सांगून टाकतं.

आणि आता नवी मुंबई. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. सरळ रेषेत दोन विमानतळांत पंचवीसेक किलोमीटर. रस्त्याने ते अंतर कंटाळवाणं वाटतं, पण जेट विमानाच्या हिशोबात ते काहीच नाही. सांताक्रूझच्या २७ वर पूर्वेकडून येणारी रांग ज्या आकाशातून खाली उतरते, त्याच्या दक्षिणेला लागूनच नवी मुंबईची, उलव्याची धावपट्टी, तीही जवळजवळ त्याच दिशेची, ०८/२६. पूर्वेला माथेरान आणि प्रबळगड. म्हणजे दोन्हीकडच्या विमानांना वळायला मोकळी जागा त्याच त्या थोड्या आकाशात शोधायची. वारा पश्चिमेचा असला की दोन्हीकडे एकाच दिशेने काम चालणार हे ओघानं आलंच. पण वारा बदलतो तेव्हा? एका विमानतळाने दिशा आधी बदलली आणि दुसऱ्याने वीस मिनिटांनी, तर मधल्या वीस मिनिटांतली विमानं कोणाच्या हिशोबातली? दोन्हीकडे एकाच वेळी मिस्ड अप्रोच झाला, तर आधी कोण वळणार आणि हे त्या दोघांना सांगणारा आवाज कोणाचा? लंडन, न्यूयॉर्कमध्ये शेजारी विमानतळांनी असे प्रश्न वर्षानुवर्षं हाताळले आहेत आणि त्यांचे कागद आम्ही वाचतो. पण त्यांच्याकडे सह्याद्री नाही आणि जूनचा पहिला पाऊसही नाही.

सध्या याच दोन मिस्ड अप्रोचचा व्यायाम आम्ही सिम्युलेटरसाठी बांधतो आहोत. एकाच मिनिटात, दोन्हीकडे, ढग खाली आलेले, आणि वाऱ्याची दिशा नुकती बदललेली. मसुदा लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात बसवणार नाही. पलीकडच्या पाळीतल्या दोघांना विचारलंय, ते तयार आहेत, आणि त्यांना कागद व्यायामाच्या आदल्या दिवशीच मिळेल. “खात्री कोणी करायची” विचारणाऱ्या मुलीला या वेळी निरीक्षकाच्या खुर्चीवर बसवलंय. तिच्या हातात फक्त एक कोरा तक्ता असेल. दर दहा सेकंदांना तिने प्रत्येक विमानापुढे एकच गोष्ट लिहायची, या क्षणी ते कोणाचं आहे. जिथे तिला लिहिता येणार नाही, ती ओळ आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार आहोत.